वीतभर आखूड मैदान

आमच्या गावाने कबड्डीची ढाल गमावली त्याला आता पन्नास वर्षे होऊन गेली. तरी अजून एखाद्या लग्नाच्या मांडवात दोन म्हातारे शेजारी बसले की विषय निघतोच. एक म्हणतो, पाय आत होता. दुसरा म्हणतो, बाहेर होता. मी तिथे वाढायला गेले की दोघेही गप्प बसतात आणि माझ्याकडे बघून मिशीत हसतात. हसू देत. त्या पायाविषयी माझ्याइतकं कुणालाच माहीत नाही.

मी तेव्हा नवी नवरी होते. माहेर नेवाशाकडचं, पाटाच्या पाण्यातलं. सासर जामखेडच्या बाजूला, आणि वर्ष दुष्काळाचं. हळद उतरायच्या आत मी सासरच्या माणसांबरोबर पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागले. हातोडा डाव्या हातात धरायची, कारण मी जन्माची डावखुरी. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूने, ताटात वाढताना तेवढा उजवा हात वापरायला लावला होता. बाकी कामाला त्यांनी सूट दिली होती. "दगडाला काय कळतंय, डावा का उजवा," असं त्या म्हणत.

घरात मोठेपण मामंजींचं. माझे सासरे तरुणपणी चढाईपटू होते, मग गुडघा गेला आणि ते पंच झाले. तालुक्याला जाऊन त्यांनी पंचाची परीक्षा दिली होती. काळ्या दोऱ्यात ओवलेली शिट्टी अंघोळीलासुद्धा गळ्यातून निघत नसे. चार गावांत त्यांचा शब्द चाले, कारण त्यांनी कधी कुणाकडे बघून निकाल दिला नव्हता. आणि आमचे हे, त्यांचे एकुलते एक चिरंजीव, गावाच्या संघाचे पहिले चढाईपटू. बापाने शिकवलेले. मामंजींची एकच शिकवण होती, ती यांना पाठ होती: "गडी माराया जायचं. नुसती रेघ शिवून माघारी यायचं आसंल तर घरी बसावं."

ही शिकवण किती महागात पडणार होती ते कुणाला माहीत होतं!

ज्यांनी कबड्डी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते. चढाईला गेलेल्याला समोरच्या भागातली एक आडवी रेघ ओलांडावीच लागते. तिला निदान रेषा म्हणतात. ती ओलांडून परत आलं की चढाई पुरी. गुण मिळत नाही, पण वेळ जातो. एका गुणाने पुढे असलेला शहाणा संघ शेवटच्या मिनिटात हेच करतो. आणि अगदी मागे असते ती अंत्यरेषा. तिच्या बाहेर टाच टेकली की चढाईपटू बाद.

सामना होता शेजारच्या गावाशी. त्यांची टोळी त्याच तलावावर कामाला होती. त्यांचा संघ म्हणजे लिंबूटिंबू, आमच्याकडून दरवर्षी हरायचा. ढाल चार वर्षं आमच्या मारुतीच्या देवळात होती आणि तिथून हलेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. गावच्या मैदानात गुरांची छावणी बसली होती, म्हणून बाजारच्या सुट्टीला तलावाच्या कडेच्या सपाटीवर नवीन मैदान आखायचं ठरलं. रेघांना चुन्याची फक्की कुठून आणणार? आम्ही बायकांनी घरोघरच्या चुलीतली राख गोळा करून दिली. मामंजींनी मापाची दोरी आणली, एक टोक स्वतः धरलं, दुसरं यांच्या हातात दिलं, आणि बापलेकांनी मिळून रेघा पाडल्या. बाहेरचा पंच येणार होता, तो काही पोचला नाही. तेव्हा समोरच्या गावाचा कप्तान स्वतः येऊन मामंजींना म्हणाला, "आबा, तुमीच ऱ्हावा उभं. तुमच्यावर आमचा भरवसा हाय."

मामंजींनी मान डोलावली. नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं, असं मला पुढे आठ दिवस वाटत राहिलं.

खेळ वर्णन करून सांगण्यात मला गोडी नाही, आणि खरं तर अर्धा वेळ मी फक्त एकाच माणसाकडे बघत होते. पदर डोळ्यांवर, आणि पदराखालून सगळी नजर तिकडे. शेवटचं एक मिनिट राहिलं तेव्हा आम्ही एका गुणाने पुढे होतो. हे चढाईला गेले. निदान रेषा ओलांडली. परत फिरले असते तर ढाल घरीच राहिली असती. पण बापाची शिकवण! हे आत घुसले, समोरचे तिघे मागे मागे सरले, हेही त्यांच्यामागे कोपऱ्यात गेले, एकाने खाली वाकून पायावर झेप घेतली, यांनी पाय मागे घेतला आणि टाच राखेच्या रेघेपलीकडे टेकली. चार बोटं, जास्त नाही.

शिट्टी तत्क्षणी वाजली. मामंजींनी हात वर केला. "बाद."

गुण बरोबरीत आले. आता त्यांची शेवटची चढाई. आणि इथे आमच्या कोपऱ्यावरच्या गड्याने कमाल केली. तो अजून पंचाकडे तोंड करून भांडत होता, "आबा, नीट बघा की!" तेवढ्यात त्यांचा एक काटकुळा पोरगा कबड्डी कबड्डी करत आला, याच्या खांद्याला मागून बोट लावलं आणि उड्या मारत परत गेला. खेळ संपला. एका गुणाने आम्ही हरलो, तेही लिंबूटिंबूंकडून.

दुसऱ्या दिवसापासून तलावावर खडी कमी आणि तोंडं जास्त फुटू लागली. हजेरी झाली की वाद सुरू. गावचा शिंपी मामंजींच्या बाजूचा. तो म्हणे, "टाच भाईर म्हंजी भाईर. पंचानं पोराकडं बघायचं का रेघंकडं?" कोपऱ्यावरचा गडी म्हणे, "पर जरा थांबायचं हुतं! शिट्टी लई घाईनं वाजली." शिंपी म्हणे, "तू तोंड मिटून हुबा ऱ्हायला असतास तर बरोबरी तरी झाली असती." मग तिसरा कुणी घमेलं खाली ठेवून सगळ्यांना समजावून सांगे, की मुळात आत जायचंच कशाला, रेघ शिवायची आणि माघारी यायचं, शेंबडं पोरगंबी सांगंल. मुकादम आधी ओरडायचा, मग तोही वादात ओढला गेला. दुपारी खायला सरकारी सुकडी वाटणारी गाडी आली की सुकडीच्या रांगेत पुन्हा तेच.

बायकांच्या घोळक्यात आमची थोरली आक्का होती. शेजारीण, वयाने सत्तरीची, तोंडात चार दात, पण कबड्डीचे नियम मामंजींच्या खालोखाल तिलाच ठाऊक. ती खडी फोडता फोडता निकाल देई. "पोराचा खेळ ग्वाड हाय गं, पर डोस्कं न्हाई. यक गुण पुढं असल्यावर कुणी आत जातं व्हय?" मी खाली मान घालून हातोडा मारत राही. माझ्या वाटणीची खडी त्या आठवड्यात सगळ्यांत बारीक झाली.

यांना मात्र कुणी तोंडावर सोडलं नाही. "नाचता येईना अंगण वाकडं," असं पाण्याच्या टँकरपाशी कुणीतरी टोमणा मारला. वास्तविक यांनी मैदानाला किंवा पंचाला एका शब्दाने नावं ठेवली नव्हती. हे काहीच बोलत नव्हते, आणि तेच मला खात होतं. घरी तर बोलणं पार बंद. बाप उंबऱ्याकडे तोंड करून जेवायचा, लेक चुलीकडे. मध्ये मी. "त्याला इचार, भाकर पायजे का." मी विचारायची. "न्हाई म्हणावं." मी सांगायची. तीन हातांवर बसलेल्या दोन माणसांमध्ये माझ्या फेऱ्या चालत. आत्याबाई कपाळाला हात लावून म्हणायच्या, "दोघंबी सारखंच आडमुठं, यकाला झाकावा नि दुसऱ्याला काढावा."

मला वाटायचं, यांचा राग साहजिक आहे. ज्याने आत जायला शिकवलं त्यानेच आत गेल्यावर बाद दिलं, आणि क्षणभर थांबलासुद्धा नाही. आणि मामंजींचंही कळायचं. थांबले असते तर चार गावं म्हणाली असती, पोराकडे बघत होते. दोघांचंही बरोबर, आणि दोघंही झुरत होते. यांनी सरावाला जाणं सोडलं. "आता न्हाई खेळायचं," असं एकदा फक्त म्हणाले, तेही मला नाही, छावणीतल्या बैलाला. मला फार वाईट वाटलं. या माणसाचं हसू मी पहिल्यांदा बघितलं ते मैदानावरच, आणि ते परत कधी दिसणार नाही अशी मला भीती वाटू लागली.

पाचव्या दिवशी आक्का बोलता बोलता म्हणाली, "पर मला येक कळत न्हाई. पोरगं ल्हानपनापास्नं त्याच मापात खेळतंय. आंधारात सोडलं तरी त्याचा पाय रेघंवर थांबंल. चुकलाच कसा?"

आत्याबाई म्हणाल्या, "मापाचं म्हनशील तर दोरी तीच हाय. ह्यांनी सोता केलेली, इस वर्साची. तांबडी फडकी बांधलेली."

माझा हातोडा हवेतच थांबला.

तांबडी फडकी बांधलेली दोरी. ती मला चांगली माहीत होती. पावसाळा कोरडा गेला आणि आमच्या आडाचं पाणी खाली खाली जाऊ लागलं, तेव्हा पोहऱ्याचा दोर पुरेना. खुंटीवर एक छान पिळाची दोरी टांगलेली होती, तिला दोन ठिकाणी तांबडी फडकी. मी माहेरी कबड्डीचे सामने बघितले होते, पण मैदान आखताना कुठे बघितलं होतं? फडकी पेरणीच्या कामाची असतील, असं मला वाटलं, आणि नव्या सुनेने विचारायचं कुणाला? ती दोरी मी पोहऱ्याच्या दोराला जोडून महिनाभर पाणी ओढलं. एक दिवस काठावर घासून ती तुटली. झिजलेला तुकडा मी काढून टाकला आणि दोन्ही टोकं गाठ मारून जोडली. मग आड आटला, टँकर सुरू झाला, आणि मी दोरी झटकून होती तशी खुंटीला लावली. पहिलं फडकं निदान रेषेचं, दुसरं अंत्यरेषेचं, आणि गाठ होती दोन्हींच्या मध्ये. म्हणजे निदान रेषा जागच्या जागी, आणि अंत्यरेषा चांगली वीतभर आत सरकलेली. टाच बाहेर गेली होती चार बोटं.

माझा नवरा आत होता.

त्या संध्याकाळी मी चुलीपुढे विचार करत बसले. सांगावं तर मामंजींचं नाव जातं. मैदान आखायची जबाबदारी पंचाची, आणि इतक्या वर्षांत त्यांच्या मापाला कुणी बोट लावलेलं नव्हतं. न सांगावं तर यांच्या कपाळी तो ठपका जन्मभर राहतो. आणि दोन्हीकडे दोषी मी, घरात येऊन वर्ष न झालेली. माहेरी धाडतील, असंही मनात आलं. आज हसू येतं, तेव्हा खरंच आलं होतं.

सातव्या दिवशी सकाळी कामावर निघताना मी मामंजींच्या मागे गेले आणि सगळं सांगून टाकलं. एका दमात, चढाईला गेल्यासारखं. त्यांनी खुंटीवरची दोरी काढली, गाठ हातात घेऊन बघितली, अंगठ्याने चाचपली. दोरी परत खुंटीला लावली. मग म्हणाले, "कुनाला बोलू नगंस." एवढंच.

मला वाटलं, झालं, दाबून टाकणार. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला त्यांचा राग आला. चार गावांचा न्याय करणारा माणूस स्वतःवर आल्यावर असा! दिवसभर मी त्यांच्याकडे बघितलं नाही. दुपारी ते मुकादमाकडून फुटांची टेप मागून घेऊन त्या सपाटीकडे जाताना दिसले, तरी मी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी हजेरीला दोन्ही गावच्या टोळ्या जमल्या होत्या. मामंजी पुढे आले. खांद्यावर ती दोरी. मुकादमाला म्हणाले, जरा थांब. आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मैदान वीतभर आखूड हुतं. काल टेपनं मोजलं. दोरी तुटल्याली, मीच गाठ मारली आन् इसरलो. पोरगं आत हुतं. चूक माजी हाय."

मुकादमाची हजेरीची वही उघडीच राहिली. ज्या माणसाने पोटच्या पोराला क्षणाचा विचार न करता बाद दिलं, तो माणूस माझ्यासाठी चारशे माणसांत उभा राहून खोटं सांगत होता. आदल्या दिवशीच्या माझ्या रागाची मला एवढी लाज वाटली की बस.

तेवढ्यात मागून हे पुढे आले. आठ दिवसांत पहिल्यांदा बापाकडे तोंड करून बोलले. "आबा, तुमी नगा वढून घेऊ. गाठ म्या मारली हुती."

"तू कवा मारलीस?" मामंजी गोंधळले.

"मारली हुती. बैलाला दावं कमी पडलं तवा."

"आरं, मीच मारली म्हनतोय न्हवं!"

झालं, सुरू! चारशे माणसं सकाळच्या पारी गाठ कुणी मारली यावर दोन तट करून भांडू लागली. शिंपी म्हणे, आबा खोटं बोलायचे नाहीत. कोपऱ्यावरचा गडी म्हणे, मग पोरगा बोलतो का? आक्का मात्र काही न बोलता उठली, मामंजींच्या खांद्यावरची दोरी खेचली, गाठ डोळ्यांपाशी नेली आणि चार दातांनी हसली.

"गप बसा रं दोघंबी. ही गाठ उलट्या पिळाची हाय. ही डाव्या हाताची गाठ हाय."

चारशे माणसांनी माना वळवल्या. माझ्या डाव्या हातात हातोडा होता. तो लपवायला मला जागा नव्हती.

मी पदर सावरला आणि म्हणाले, "माझीच हाय. मला म्हाईत नव्हतं दोरी कशाची ते." आवाज एवढासा निघाला, पण ऐकू सगळ्यांना गेला. आणि मग मला रडू आलं. ते थांबेना, तेव्हा आत्याबाई पुढे आल्या आणि सगळ्यांदेखत माझं तोंड आपल्या पदराने पुसलं. "पानी वढत हुती पोर माजी तुमच्यासाठनी," त्या गर्दीवर खेकसल्या. "दोरी काय पूजंला ठिवली हुती?"

आधी हसला मुकादम. मग सगळा तलाव हसला.

मामंजी ढाल परत मागायला गेले नाहीत. उलट समोरच्या कप्तानापुढे जाऊन म्हणाले, तुमचं म्हणणं असेल तर सामना परत घेऊ. तो म्हणाला, "आबा, आमीबी त्याच वीतभर आखूड मैदानात खेळलो की. ढाल ऱ्हाऊ द्या. पुढल्या वर्षी या घ्यायला." ते खरंही होतं. म्हणून आजही म्हातारे भांडतात, आणि दोघांचंही बरोबर असतं.

त्या दिवशी कामावरून परतताना हे माझ्या बरोबरीने चालले. एरवी दहा पावलं पुढे चालायचे. मी विचारलं, तुम्ही का ओढून घेतलं? म्हणाले, "आखतानाच दिसली हुती गाठ. दोरीचं टोक माज्याच हातात हुतं. तुजी हाय ते वळाकलं."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"चारचौघांत तुला बोल लागला आसता. म्हनलं, वीतभर ध्यानात ठिवून खेळू." मग पायाकडे बघत म्हणाले, "डोस्क्यात ठिवलं हुतं गं. पायाला सांगायचं ऱ्हायलं."

आठ दिवस मी ज्याला राग समजत होते तो राग नव्हता. तोंड उघडलं तर बापासमोर खरं बाहेर पडेल, म्हणून हा माणूस मुका झाला होता. ढाल गेली, टोमणे खाल्ले, खेळ सोडायला निघाला, आणि का, तर मला कुणी बोलू नये. आमचं लग्न होऊन आठ महिने झाले होते. पण माझ्या मनाने त्याला नवरा मानलं ते त्या वाटेवर.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. गुरं छावणीतून घरी गेली, जुनं मैदान मोकळं झालं, आणि सामन्याच्या सकाळी मामंजींनी मला हाक मारली. खुंटीवरून दोरी काढून तिचं एक टोक त्यांनी माझ्या हातात दिलं. बायका मैदान आखत नसत. कुणीतरी तसं म्हणालंसुद्धा. मामंजी म्हणाले, "दोरीची पारख तिलाच हाय." ते असेपर्यंत दरवर्षी दुसरं टोक माझ्याच हातात असे.

आता ते नाहीत, हेही नाहीत. दोरी माझ्याकडे आहे. मामंजींनी तिचं टोक पहिल्यांदा हातात दिलं त्या सकाळी मी आधी गाठच शोधली. नवीन दोरी करणं त्यांना काही अवघड नव्हतं. पण गाठ होती तिथेच होती, माझ्या डाव्या हाताची, उलट्या पिळाची. मामंजींनी फक्त शेवटचं तांबडं फडकं सोडवून वीतभर पुढे बांधलं होतं.